नऊ इंच, तीन इंच आणि ‘बटणदार’

घडीच्या मोठ्या चाकूंची तुलना सुरू झाली की बोलणं पोलाद, पात्याची लांबी आणि खटक्याचा (उघडलेलं पातं जागी अडकवून ठेवणाऱ्या भागाचा) पक्केपणा यांभोवती फिरतं. साडेतीन इंच पुरेत की चार हवेत, पाठीवरचा खटका बरा की मुठीतल्या पट्टीचा, वगैरे. आपल्याकडे मात्र हा चाकू खिशात ठेवावा की नाही, हे पोलादावर कमी आणि एका जुन्या शब्दावर जास्त अवलंबून आहे.

रामपुरी चाकू जिथले, त्या उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या नवाबी कारागिरीबद्दल भरपूर लिहून झालंय, ते इथे नको. तिथली दोन विशेषणं तेवढी कामाची आहेत. ‘गरारीदार’ चाकूत पात्याच्या बुडाला दाते असतात; उघडताना ते कट-कट वाजत एकेका दात्यावर अडकत जातं. स्पेनच्या जुन्या घडीच्या चाकूंतही हाच आवाज आहे. ‘बटणदार’ म्हणजे ज्याचं पातं बटण दाबल्यावर सुटतं तो. कारागिरांची ही बोली पुढे थेट सरकारी कागदात गेली, आणि घोळ तिथून सुरू झाला.

१९५९ चा शस्त्र कायदा आणि १९६२ चे नियम यांची फूटपट्टी सैल होती: पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असेल, तर चाकू ‘शस्त्र’. घरगुती, शेतीच्या आणि कारखान्यातल्या कामाची हत्यारं त्यातून वगळलेली. खिशात मावणारा कुठलाही चाकू या मापात सापडत नाही. पण कलम ४ ने एक दार उघडं ठेवलं. एखाद्या भागात गरज वाटली, तर अधिसूचना काढून बंदुकीव्यतिरिक्तच्या शस्त्रांवरही निर्बंध घालता येतात.

दिल्लीत १९८० मध्ये तशी अधिसूचना निघाली. गरारीदार, बटणदार आणि ‘इतर कोणत्याही यांत्रिक साधनाने उघडणारे किंवा बंद होणारे’ चाकू, पातं ७.६२ सेंमी किंवा अधिक लांब आणि १.७२ सेंमी किंवा अधिक रुंद. ७.६२ म्हणजे बरोबर ३ इंच. रुंदीची अट जेमतेम नावाला आहे. बऱ्याच मोठ्या चाकूंचं पातं त्याहून रुंदच असतं. म्हणजे सगळा भार ‘यांत्रिक साधन’ या दोन शब्दांवर.

आता १९८० नंतर काय झालं ते पाहा. १९८१ मध्ये कोलोरॅडोतल्या एका छोट्या कंपनीने पात्याला गोल भोक पाडलं आणि मुठीला खिशाची क्लिप लावली. अंगठा भोकात घालून ढकलला की चाकू एका हाताने उघडतो. ना बटण, ना स्प्रिंग. त्याच दशकात मुठीतली पट्टी सरकून पात्यामागे अडकणारा खटका रुळला. हा चाकू उघडायला यंत्र लागत नाही, पण बंद करायला पट्टी बाजूला दाबावी लागते. मग तो ‘यांत्रिक साधनाने बंद होणारा’ झाला का? शब्दशः वाचलं तर झाला. तसं असेल, तर १९६४ पासून अमेरिकेतले शिकारी कंबरेला लावतात तो पाठीवर खटका असलेला पितळी टोकांचा चाकूही झाला. माझ्या मते अधिसूचनेचा रोख झटक्यात उघडून धाक दाखवणाऱ्या पात्यावर होता; खटका हा मुळात पातं मिटून बोटं कापू नयेत म्हणून असतो. पण रोख पंचनाम्यात लिहिला जात नाही, ‘बटणदार’ मात्र लिहिला जातो.

हा घोळ फक्त आपला नाही. अमेरिकेच्या १९५८ च्या कायद्याने मुठीतलं बटण दाबून आपोआप उघडणारं पातं राज्याराज्यांतल्या व्यापारातून हद्दपार केलं. पुढे अंगठ्याने थोडं ढकलल्यावर स्प्रिंगने उरलेलं उघडणारे चाकू आले, आणि त्यांना या बंदीतून वेगळं काढायला २००९ साल उजाडलं. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्याने ३ इंचांपर्यंतचा घडीचा खिशातला चाकू बाहेर बाळगायला सूट दिली. काही वर्षांत तिथल्या न्यायालयाने ठरवलं की खटका लागणारा चाकू ‘घडीचा’ नव्हेच, कारण तो हवा तेव्हा नुसता मिटता येत नाही. सुरक्षित चाकू बेकायदा आणि बोटांवर मिटणारा कायदेशीर, अशी ही गंमत.

महाराष्ट्रात बातमी वाचली की ‘शस्त्र अधिनियम कलम ४, २५’च्या शेजारी बहुतेक वेळा ‘पोलीस कायदा कलम ३७(१), १३५’ दिसतं. हे दुसरं कलम १९५१ च्या महाराष्ट्र (पूर्वीच्या मुंबई) पोलीस कायद्याचं. मनाई आदेश लागू असेल त्या दिवसांत तलवार, भाला, काठी यांच्याबरोबर चाकू बाळगायलाही त्याने बंदी येते, आणि तिथे इंचांचा प्रश्नच येत नाही. चार इंची पातं की साडेतीन, यावर रात्र घालवणाऱ्याने आपल्या शहरात आज तो आदेश आहे का, एवढं आधी पाहावं.

खुद्द रामपुरात १९९० च्या दशकात साडेचार इंचांहून लांब पात्यांवर बंदी आली आणि धंदा आटला. २०२३ मध्ये त्याच गावच्या एका चौकात २० फुटी चाकू उभारण्यात आला. तो घडीचाच आहे, फक्त मिटत नाही.