दहा नंबरचं पोरगं चांगलं की वाईट, ठरवायचं कसं?

साताऱ्यात रग्बी बघणारी माणसं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी, पण फेब्रुवारीत सिक्स नेशन्स, म्हणजे युरोपातल्या सहा देशांची रग्बी स्पर्धा, सुरू झाली की आमच्या कट्ट्यावर भांडण ठरलेलं. कुठल्यातरी टीमने विशीतलं पोरगं दहा नंबरला उतरवलेलं असतं, त्याच्या दोन किका हुकल्या की लगेच "हे काय इंटरनॅशनलचं मटेरियल नाही."

दहा नंबर म्हणजे फ्लाय-हाफ. बॉल नऊ नंबरकडून याच्याकडे येतो, मग पास द्यायचा, घुसायचं का लांब किक मारायची हे तोच ठरवतो, आणि बऱ्याच टीममध्ये गोलला किक पण तोच मारतो. लोक मार्क देतात ते या गोलच्या किकांवरून, कारण मोजायला सोप्या.

२००२ ते २०११ मधल्या इंटरनॅशनल मॅचेसचा अभ्यास झाला होता, त्यात गोलच्या साधारण ७२ टक्के किका आत गेलेल्या. समजा आपलं पोरगं बरोब्बर ७२ टक्केवालं आहे आणि मॅचला ५ किका मारतं. हिशोब केला तर दर पाचेक मॅचमध्ये एकदा त्याच्या पाचही आत जाणार, आणि दर सातेक मॅचमध्ये एकदा दोन किंवा त्याहून कमी. पोरगं तेच, पाय तोच, नुसत्या नशिबाने एका शनिवारी गळ्यात हार आणि पुढच्या शनिवारी शिव्या. त्यात कुठली किक समोरून होती आणि कुठली पार कडेच्या लाईनवरून, हे तर कोणी धरतच नाही.

आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी बघा, २०२३ ला बर्लिनमध्ये १७ व्या वर्षी तिरंदाजीत वर्ल्ड चॅम्पियन. तिच्या कंपाउंड धनुष्याच्या प्रकारात क्वालिफिकेशनलाच ७२ बाण, सगळे ५० मीटरवरून, आणि अंगावर कोणी धावून येत नाही, म्हणजे स्कोअर तिचा एकटीचा. दहा नंबरचं तसं नाही. पुढचे आठ फॉरवर्ड मागे रेटले जात असतील तर बॉल उशिरा येतो, तोवर समोरचा डिफेन्स लाईन लावून तयार, आणि त्यांचा १०० किलोचा फ्लँकर, म्हणजे आठ फॉरवर्डमधलाच एक, ह्याच्या छातीवर. जॉनी विल्किन्सन १९ वर्षांचा असताना, १९९८ ला, ब्रिस्बेनमध्ये इंग्लंड ऑस्ट्रेलियाकडून ७६-० ने हरलं आणि दहा नंबरला तोच होता. २००३ च्या वर्ल्ड कप फायनलला त्याच ऑस्ट्रेलियाविरुद्ध एक्स्ट्रा टाइममध्ये उजव्या, म्हणजे त्याच्या कमी चालणाऱ्या पायाने ड्रॉप गोल (हातातला बॉल जमिनीवर टाकून, टप्पा पडताच मारलेली गोलची किक) मारून जिंकवलं त्यानेच.

मग बघायचं काय? मी तर बॉल सोडून पोराचं डोकं बघतो. खेळाडूंना व्हिडिओ दाखवून, समोरचा वळायच्या क्षणी तो थांबवून "कुठे जाईल?" विचारायचे प्रयोग झालेत, त्यात मुरलेले खेळाडू हुलकावणीला कमी फसतात. म्हणजे खरी कमाई नजरेची. बॉल हातात यायच्या आधी पोरगं मान वर करून समोरच्या डिफेन्सच्या मागची जागा बघतंय का? समोरचा विंगर, म्हणजे कडेला खेळणारा गडी, पुढे सरकलाय हे दिसलं, म्हणून त्याच्या मागे किक टाकली आणि तो अंडाकृती बॉल उलटा उसळला, तर स्कोअरला शून्य, पण माझ्याकडून पूर्ण मार्क.

आणि पहिल्या सीझनवर तर मी काहीच बोलत नाही, चांगलं पण नाही. दुसऱ्या सीझनपर्यंत समोरच्या टीमच्या अ‍ॅनालिस्टनी त्याची एकेक सवय व्हिडिओवर पाठ केलेली असते, मग त्याला आवडतो तोच पास अडवायला माणूस आधीच उभा असतो, तेव्हा हे पोरगं दुसरं काय काढतं ते बघायचं.