लाइनबॅकर : पासप्रधान अमेरिकन फुटबॉलमधील बदलती भूमिका

अमेरिकन फुटबॉलमध्ये बचाव करणाऱ्या अकरा खेळाडूंच्या ढोबळमानाने तीन फळ्या असतात. पहिली फळी प्रतिस्पर्ध्याच्या धिप्पाड लाइनमनना, म्हणजे सर्वांत पुढे उभ्या असलेल्या खेळाडूंना, थेट भिडते. सर्वांत मागे कॉर्नरबॅक आणि सेफ्टी पासवर लक्ष ठेवतात. या दोहोंच्या मधे, चेंडू ठेवलेल्या रेषेपासून चार-पाच यार्ड मागे जे उभे राहतात ते लाइनबॅकर. चाल सुरू झाली की रनिंग बॅक चेंडू घेऊन धावत येतोय की क्वार्टरबॅक पास फेकणार आहे, हे त्यांना डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ओळखावे लागते. धाव असेल तर पुढे झेपावायचे, पास असेल तर मागे सरायचे. अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, गेल्या चार-पाच दशकांत पासचे प्रमाण वाढत गेले आणि या जागेचे काम मुळापासून बदलले. लाइनबॅकरचे महत्त्व संपले असे अनेकदा म्हटले जाते. ते खरे नाही. त्याच्याकडून होणारी अपेक्षा इतकी वाढली आहे की ती पुरी करणारे खेळाडू फार थोडे उरले आहेत.

विसाव्या शतकाच्या आरंभी मिशिगन विद्यापीठाचा सेंटर (आक्रमणाच्या फळीत मधोमध राहून चेंडू मागे देणारा) ‘जर्मनी’ शुल्झ हा बचावाच्या वेळी रेषेवरून मागे सरकून उभा राहू लागला. पहिला लाइनबॅकर होण्याचा मान सामान्यतः त्याला दिला जातो. १९०६मध्ये पुढे पास फेकणे नियमात बसले, तरी कित्येक दशके खेळाचा कणा धाव हाच होता. १९५०च्या दशकात न्यूयॉर्क जायंट्सचे बचाव प्रशिक्षक टॉम लँड्री यांनी चार लाइनमन आणि तीन लाइनबॅकर ही ४-३ रचना घडवली आणि सॅम हफ याला मध्यभागी उभे केले. नोव्हेंबर १९५९मध्ये हफ ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. शिकागो बेअर्सचा डिक बट्कस आणि ग्रीन बे पॅकर्सचा रे निच्की यांनी या जागेला दरारा मिळवून दिला. सुमारे १११ किलो वजनाचा बट्कस समोरच्याला नुसता पाडत नसे, तर त्याच्या हातून चेंडू हिसकावून घेत असे. मैदानाच्या मध्यातून पास घ्यायला येणारा रिसीव्हर त्याच्या धाकाने आधीच बिचकलेला असे.

या दराऱ्याला पहिला धक्का नियमांनी दिला. १९७७च्या मोसमात एक संघ एका सामन्यात सरासरी २५च्या आसपास पास फेकत होता आणि गुणसंख्या तीन दशकांहून अधिक काळातील नीचांकावर आली होती. १९७८मध्ये लीगने दोन बदल केले. रेषेपासून पाच यार्डांच्या पलीकडे रिसीव्हरला धक्के देऊन रोखण्यावर बंदी आली, आणि क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्या लाइनमनना हात पसरून, तळवे उघडे ठेवून अडवण्याची मुभा मिळाली. २००४मध्ये पाच यार्डांच्या नियमाची कडक अंमलबजावणी सुरू झाली आणि त्याच मोसमात क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगने ४९ टचडाउन पास (प्रतिस्पर्ध्याच्या अंत्यक्षेत्रात पोहोचून गुण मिळवून देणारे पास) फेकून तेव्हाचा विक्रम मोडला. पुढे स्वतःचा बचाव करता न येणाऱ्या रिसीव्हरच्या डोक्यावर आघात करण्यास सक्त मनाई झाली. खेळाडूंच्या मेंदूला होणाऱ्या इजा पाहता हा बदल अत्यंत आवश्यक होता. त्याचा एक परिणाम असा की मैदानाचा मध्यभाग पास घेणाऱ्यांसाठी निर्धोक झाला. बट्कसच्या धाकाने जे काम होत असे ते आता लाइनबॅकरला पायांनी आणि डोक्याने करावे लागते. २०१०च्या दशकाच्या मध्यापर्यंत पासची सरासरी ३५वर गेली होती.

दुसरा धक्का प्रशिक्षकांच्या कल्पकतेचा. सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्सच्या बिल वॉल्श यांनी १९८०च्या दशकात छोट्या, अचूक वेळेच्या पासवर आक्रमण उभारले. त्यांचा रनिंग बॅक रॉजर क्रेग याने १९८५च्या मोसमात धावून हजार यार्ड आणि पास झेलूनही हजार यार्ड मिळवले. असे त्याआधी कोणीच केले नव्हते. टाइट एंड, म्हणजे रेषेच्या टोकाला राहून अडवणारे आणि पासही झेलणारे आक्रमक, हेही बदलले. बास्केटबॉलमधून आलेला अँटोनियो गेट्स, पुढे रॉब ग्रोन्कोव्स्की आणि ट्रॅव्हिस केल्सी हे उंच, वजनदार आणि तरीही चपळ खेळाडू लाइनबॅकरच्या वाट्याला येऊ लागले. टॅकल करण्यासाठी, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडण्यासाठी, निवडलेल्या माणसावर उघड्या मैदानात पाठलाग करण्याची वेळ आली.

बचाव प्रशिक्षकांनी यावर काढलेला सर्वांत सरळ तोडगा म्हणजे एक लाइनबॅकर बाहेर बसवून पाचवा बचावपटू मागच्या फळीत आणणे. या रचनेला ‘निकेल’ म्हणतात. पूर्वी ती लांब पासची खात्री असेल तेव्हाच वापरत. आता एनएफएलमधील बहुतेक संघ निम्म्याहून अधिक चालींना निकेलमध्येच असतात. तीन लाइनबॅकरना प्रशिक्षकांच्या बोलीत माइक (मधला), विल (टाइट एंडच्या विरुद्ध बाजूचा) आणि सॅम म्हणतात. त्यांतला सॅम, म्हणजे टाइट एंडच्या बाजूने धाव रोखणारा दणकट गडी, हाच बहुधा बाकावर जातो. उरलेल्या दोघांना तिघांची जागा सांभाळावी लागते आणि तीही बदलीशिवाय, कारण आक्रमण करणारा संघ घाई करून बदलीला वेळच मिळू देत नाही.

या जागेची खरी कसोटी पहिल्या दोन पावलांत लागते. ‘प्ले अ‍ॅक्शन’मध्ये क्वार्टरबॅक रनिंग बॅकला चेंडू दिल्याचा बहाणा करतो. त्याला फसून लाइनबॅकर दोन पावले पुढे आला की त्याच्या पाठीमागे दहा-पंधरा यार्डांवर मोकळी जागा तयार होते आणि पास नेमका तिथे पडतो. याहून कठीण प्रकार ‘आरपीओ’चा, म्हणजे ‘रन-पास ऑप्शन’चा. यात धाव की पास हे आधी ठरलेलेच नसते. क्वार्टरबॅक एका विशिष्ट लाइनबॅकरवर नजर ठेवतो. तो पुढे आला तर त्याच्या डोक्यावरून पास, मागे राहिला तर धाव. लाइनमन धावेसाठीच अडवत असल्यामुळे त्यांच्या हालचाली वाचूनही उत्तर सापडत नाही. पास असेल तर लाइनमनना रेषेपुढे एक यार्डाहून जास्त जाता येत नाही, एवढाच काय तो दिलासा. फिलाडेल्फिया ईगल्सने निक फोल्सला घेऊन २०१७च्या मोसमाचे विजेतेपद पटकावले, त्यात या चालींचा मोठा वाटा होता. लाइनबॅकरने काहीही निवडले तरी तो चुकावा अशीच ही आखणी असते. त्यामुळे पडद्यावर ‘हा कुठे धावतोय’ असे वाटणारा लाइनबॅकर पुष्कळदा दोषी नसतो.

काही संघांनी लाइनबॅकरला बाजूला सारण्याऐवजी त्याच्याकडून जास्त मागितले. टोनी डंजी आणि मॉन्टी किफिन यांनी टँपा बे बकनियर्समध्ये रुजवलेल्या ‘टँपा टू’ रचनेत मधला लाइनबॅकर दोन सेफ्टींच्या मधून थेट खोलवर धावत जातो. याचे मूळ १९७०च्या दशकातील पिट्सबर्ग स्टीलर्समध्ये आहे. तिथे जॅक लँबर्ट हे काम करत असे आणि डंजी त्याच संघात खेळले होते. २००२च्या मोसमात टँपाचा विल लाइनबॅकर डेरिक ब्रूक्स वर्षातील सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, प्रतिस्पर्ध्याचा पास झेलून त्याने ४४ यार्ड धावत टचडाउन केला. शिकागोचा ब्रायन अर्लॅकर महाविद्यालयात सेफ्टी खेळलेला होता. खोल धाव त्याच्या अंगवळणी असल्यामुळे ही रचना त्याला जणू बेतून दिल्यासारखी बसली आणि २००५चा सर्वोत्तम बचावपटूचा किताब त्याला मिळाला.

पासप्रधान युगात लाइनबॅकर सामना कसा फिरवतो याचे ठळक उदाहरण फेब्रुवारी २०१४मधला सुपर बोल. डेन्व्हर ब्रॉन्कोजच्या मॅनिंगने त्या मोसमात ५५ टचडाउन पास फेकले होते. दुसऱ्या चतुर्थांशात सिअ‍ॅटल सीहॉक्सच्या क्लिफ एव्हरिलचा हात पास फेकणाऱ्या मॅनिंगच्या हाताला लागला, चेंडू हवेत गटांगळ्या खात वर गेला आणि लाइनबॅकर माल्कम स्मिथने तो झेलून ६९ यार्ड धाव घेतली. सीहॉक्स ४३–८ जिंकले. सामन्याचा मानकरी ठरलेला स्मिथ खेळाडू निवडीच्या अगदी शेवटच्या, सातव्या फेरीत घेतलेला होता.

त्यानंतर सेफ्टींनाच लाइनबॅकर करण्याची लाट आली. अ‍ॅरिझोना कार्डिनल्सने पहिल्या फेरीत घेतलेला सेफ्टी डीओन बुकॅनन सुमारे ९६ किलो वजनावर रेषेजवळ खेळू लागला. रॅम्समध्ये मार्क बॅरनचेही तसेच झाले. हा मार्ग वाटला तितका सोपा नाही. २०२०मध्ये कार्डिनल्सनी आठव्या क्रमांकावर निवडलेला आयझाया सिमन्स क्लेमसन विद्यापीठात जवळपास प्रत्येक जागी चमकला होता, पण व्यावसायिक खेळात त्याची एक जागा ठरेना आणि तीन मोसमांनंतर संघाने त्याला अगदी अल्प मोबदल्यात दुसरीकडे धाडले. वेग विकत मिळतो. रचना वाचण्याची नजर घडवायला वर्षे लागतात.

कडेच्या लाइनबॅकरची वाट मात्र वेगळी झाली. १९८१मध्ये जायंट्समध्ये आलेल्या लॉरेन्स टेलरने क्वार्टरबॅकवर चालून जाणे हेच या जागेचे मुख्य काम करून टाकले आणि १९८६मध्ये २०.५ सॅक करून (पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडून) तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आता अशा खेळाडूंना ‘एज रशर’ म्हणून वेगळेच गणतात आणि पैसाही तिकडेच वाहतो. मायका पार्सन्स महाविद्यालयात मधल्या फळीतला लाइनबॅकर होता. डॅलसने त्याला कडेला नेले आणि २०२५मध्ये ग्रीन बेने त्याच्याशी वर्षाला सरासरी ४.७ कोटी डॉलरचा करार केला. त्याच वर्षी फॉर्टीनाइनर्सच्या फ्रेड वॉर्नरचा मधल्या फळीसाठी अव्वल ठरलेला वाढीव करार वर्षाला सुमारे २.१ कोटींचा होता.

ही तफावत वॉर्नरचा खेळ पाहिला की अन्यायाची वाटते. २०१८मध्ये तिसऱ्या फेरीत निवडलेला हा खेळाडू क्वार्टरबॅककडे तोंड ठेवून मागे सरतो, रिसीव्हर आपल्या क्षेत्रात शिरताच कंबर वळवून त्याच्याबरोबर पळतो आणि पुढच्याच चालीत रनिंग बॅकला रेषेवर गाठतो. शिवाय बोलण्याचे कामही असते. २००८पासून बचावातील एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो आणि हेल्मेटवर हिरवा ठिपका. हा मान बहुधा मधल्या लाइनबॅकरकडे जातो. चालीच्या घड्याळात १५ सेकंद उरले की प्रशिक्षकाचा आवाज बंद होतो. त्यानंतर समोरची रचना बदलली तर साथीदारांना ओरडून हलवणे ही त्याचीच जबाबदारी. कॅरोलायना पँथर्सचा ल्यूक कीकली प्रतिस्पर्ध्यांची चाल सुरू होण्याआधीच ती मोठ्याने सांगत असे. डोक्याच्या दुखापती सोसून आठ मोसमांनंतर, जानेवारी २०२०मध्ये, अवघ्या २८व्या वर्षी तो निवृत्त झाला.

अलीकडे लंबक थोडा मागे आला आहे. खोल पास रोखण्यासाठी बचाव प्रशिक्षक व्हिक फँजिओ यांच्या पद्धतीने दोन सेफ्टी मागे ठेवणे सर्वत्र रूढ झाले, रेषेजवळची माणसे घटली आणि हलक्या लाइनबॅकरवर आक्रमकांनी पुन्हा धावेचा मारा सुरू केला. २०२४च्या मोसमात ईगल्सच्या सॅक्वॉन बार्कलीने २,००५ यार्ड, तर बाल्टिमोरच्या डेरिक हेन्रीने १,९२१ यार्ड धावून मिळवले. त्याच मोसमात फँजिओ यांनी ईगल्समध्ये झॅक बॉनला कडेवरून मधे आणले. आधीच्या संघात तो मुख्यतः किक आणि पंटच्या वेळी उतरणाऱ्या तुकडीत खेळे. मधे आल्यावर त्याची वर्षाच्या सर्वोत्तम संघात निवड झाली आणि सुपर बोलमध्ये त्याने प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्सचा पास झेलला. कडेला लाइनमनशी झुंजण्याची सवय त्याला होती आणि मागे सरण्याचे पाय त्याने कमावले. दीडशे किलोच्या घरातल्या गार्डचा (सेंटरशेजारच्या लाइनमनचा) धक्का पचवून टॅकल करणारा आणि पुढच्या चालीला केल्सीसारख्याच्या मागे धावणारा असा खेळाडू आता प्रत्येक संघ शोधतो आहे.