झाकण लावून काढलेले फोटो

तेजोमेघाचा, म्हणजे अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगाचा, फोटो दाखवला की पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: ‘हे खरंच असं आहे, की कॉम्प्युटरवर रंगवलंय?’ शंका रास्त आहे, पण तिचा रोख चुकतो. कॅमेऱ्यातून थेट निघालेली कच्ची फाइलच आकाशापासून जास्त दूर असते. तिच्यात दूरवरचा प्रकाश असतो, तशीच सेन्सरची उष्णता, लेन्सच्या कडांचा काळोख, धुळीचे डाग आणि इलेक्ट्रॉनिक्सने मुद्दाम मिळवलेला एक आकडाही असतो. ही भेसळ मोजून बाजूला काढणं म्हणजे कॅलिब्रेशन. नवशिके नेमकं हेच काम टाळतात. मला मात्र खगोल छायाचित्रणातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो.

सुरुवातीला प्रचंड दुर्बीण लागते, हाही एक गैरसमज. देवयानी दीर्घिका आपल्यापासून सुमारे 25 लाख प्रकाशवर्षे दूर आहे, तरी आकाशात ती जवळपास 3 अंश पसरलेली आहे, म्हणजे पूर्णचंद्राच्या सहापट लांब! ती लहान नाही, मंद आहे. म्हणून 135 मिमीची साधी लेन्स आणि पृथ्वीच्या फिरण्याची भरपाई करणारा ट्रॅकर एवढ्यावर छान सुरुवात होते. ट्रॅकर हवाच, कारण तारे दर सेकंदाला 15 विकलांपर्यंत (एक विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) सरकतात आणि फोटोत त्यांच्या रेघा उमटतात.

हेन्री ड्रेपर यांनी 1880 साली मृगातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो घेतला, तेव्हा प्लेट 51 मिनिटं उघडी ठेवावी लागली होती. आज आपण ती 51 मिनिटं एक-एक मिनिटाच्या फ्रेममध्ये वाटून घेतो आणि नंतर त्या संगणकावर एकमेकींवर रचतो. यालाच स्टॅकिंग म्हणतात.

स्टॅकिंगने नेमकं काय साधतं? समजा, एका फ्रेममध्ये एका पिक्सेलवर तेजोमेघाकडून सरासरी 100 फोटॉन येतात आणि उजळ शहरी आकाशाकडून 800. एकूण 900. पण फोटॉन ठरावीक अंतराने येत नाहीत. त्यामुळे प्रत्येक फ्रेममधली मोजणी साधारण 900च्या वर्गमुळाएवढी, म्हणजे 30ने, कमीजास्त होते. आकाशाचे सरासरी 800 वजा करता येतात. हे 30चं हेलकावणं मात्र वजा होत नाही, आणि तोच नॉइज. 16 फ्रेमची सरासरी काढली की तो चौथ्या हिश्श्यावर, 7.5वर येतो. तेजोमेघाचे 100 तसेच राहतात. आता अंधाऱ्या जागी जा. तिथे आकाशाकडून 125 आले, तर एकूण 225 आणि नॉइज 15. म्हणजे शहरातून तोच दर्जा हवा असेल, तर चौपट फ्रेम घ्याव्या लागतील. चांगला कॅमेरा घेण्याआधी चांगला अंधार शोधा, असं जाणकार सांगतात ते यासाठी.

एवढं नीट धरून ठेवा: स्थिर असतं ते वजा करता येतं, हेलकावतं ते फक्त सरासरीने कमी होतं. डार्क फ्रेमचं सगळं काम याच्यावर चालतं. लेन्सला झाकण लावायचं आणि तेवढ्याच एक्स्पोजरचे, त्याच आयएसओचे, त्याच तापमानाचे फोटो घ्यायचे. सिलिकॉनमधले काही इलेक्ट्रॉन प्रकाश नसतानाही निव्वळ उष्णतेने सुटतात आणि पिक्सेलला ते फोटॉनने सोडवलेल्या इलेक्ट्रॉनपेक्षा वेगळे ओळखता येत नाहीत. तापमान 6-7 अंशांनी वाढलं की त्यांची संख्या साधारण दुप्पट होते. म्हणून दुपारी घरात घेतलेल्या डार्क फ्रेम रात्रीच्या फोटोंना चालत नाहीत. म्हणूनच खास खगोल कॅमेऱ्यांत सेन्सर थंड करतात: 6 अंशांना दुप्पट धरलं तर 36 अंश उतरल्यावर ही गळती 64व्या भागावर येते. शिवाय एकच डार्क वजा करून भागत नाही. तिचं स्वतःचं हेलकावणं फोटोत मिसळतं आणि नॉइज उलट वाढतो. वीस-तीस डार्कची सरासरी काढून एक मास्टर डार्क करायची आणि ती वजा करायची.

यानंतर फ्लॅट फ्रेम, म्हणजे सगळीकडे सारख्याच उजळ असलेल्या गोष्टीचा फोटो. इथे वजाबाकी नाही, भागाकार. धुळीचा कण किंवा लेन्सची कड ठरावीक आकडा खात नाही, येणाऱ्या प्रकाशाचा ठरावीक हिस्सा खाते. समजा, मध्यावर पूर्ण प्रकाश पोचतो आणि कोपऱ्यात 80 टक्के. एकसारखं उजळ आकाश मध्यावर 1000 नोंदलं गेलं, तर कोपऱ्यात 800. 800ला 0.8ने भागा, 1000 परत मिळतात. आता गंमत बघा. समजा, सुरुवातीला सांगितलेला तो आकडा म्हणून कॅमेऱ्याने प्रत्येक पिक्सेलमध्ये 500 मिळवलेले आहेत आणि आपण ते आधी काढलेच नाहीत. मध्यावर 1500, कोपऱ्यात 1300. 1300 भागिले 0.8 म्हणजे 1625! काळा कोपरा आता मध्यापेक्षा उजळ झाला. ‘फ्लॅट वापरल्यावर फोटो बिघडला’ ही तक्रार नवशिक्यांकडून हमखास येते. अशा वेळी पहिला संशय याच 500वर घ्यावा. लाइटमधून, म्हणजे आकाशाच्या मूळ फ्रेममधून, डार्क वजा केली की तो आकडाही तिच्याबरोबर जातो. फ्लॅटमधून तो काढण्यासाठी बायस लागते, म्हणजे झाकण लावून शक्य तितक्या कमी वेळात घेतलेली फ्रेम. आधी दोन्ही वजाबाक्या, मग भागाकार. हा क्रम बदलता येत नाही.

फ्लॅट घेणं सोपं आहे. लेन्सवर पांढरं कापड ताणायचं आणि संधिप्रकाशातल्या आकाशाकडे कॅमेरा रोखायचा. फोकस हलवायचा नाही आणि कॅमेरा फिरवायचा नाही, नाहीतर धुळीची सावली दुसऱ्याच जागी पडते. पुढची आकडेमोड सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर ही मोफत सॉफ्टवेअर करतात.

सध्या एआयने एका क्लिकमध्ये तेजोमेघ उजळवून देणाऱ्या साधनांचा फार गवगवा आहे. नॉइज कमी करायला त्यांचा उपयोग होतो, पण जे फोटॉन सेन्सरवर आलेच नाहीत ते त्यांना मोजता येत नाहीत. त्यांच्या जागी ती अंदाज भरतात.

मोजणीवर विश्वास ठेवता आला तर काय हाती लागतं, हे 2022मध्ये दिसलं. मार्सेल ड्रेक्सलर, झेव्हियर स्ट्रॉटनर आणि यान सॅंती या हौशी निरीक्षकांना, असंख्य वेळा टिपलेल्या देवयानी दीर्घिकेशेजारी, एक प्रचंड मंद कमान सापडली. ऑक्सिजनच्या 500.7 नॅनोमीटरच्या प्रकाशातच ती दिसते. असं काही दिसलं की लेन्समधलं परावर्तन किंवा फ्लॅटमधली चूक हाच पहिला संशय असतो. तसं असतं तर ती प्रत्येक दुर्बिणीत वेगळी दिसली असती. इतर निरीक्षकांच्या वेगळ्या उपकरणांतही ती त्याच ताऱ्यांशेजारी, त्याच जागी आढळली. जानेवारी 2023मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि ही कमान देवयानीजवळची की आपल्याच आकाशगंगेतली, यावर खगोलशास्त्रज्ञांची चर्चा सुरू झाली.