सरकते दुभाजक : मागणी नोंदवण्याआधी एवढे वाचा

आमच्याकडे फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘दुभाजकाचा एक ब्लॉक किती किलोचा?’ प्रश्न रास्त आहे, पण एकटा ब्लॉक कितीही जड असला तरी वेगातल्या गाडीपुढे तो उभा राहत नाही. गाडी अडवते ती ब्लॉकची माळ, आणि माळ होते शेजारशेजारच्या ब्लॉकच्या कड्यांतून घातलेल्या पिनांमुळे. म्हणून या पत्रकात वजनाचे कमी आणि पिनांचे जास्त सापडेल.

धडक बसते तेव्हा

महामार्गावरची गाडी दुभाजकाला सहसा तिरकी लागते. अमेरिकेतल्या ‘मॅश’ या धडक-चाचणीच्या तिसऱ्या पातळीत २,२७० किलोचा पिकअप ट्रक ताशी १०० किमी वेगाने, २५ अंशांच्या कोनात दुभाजकावर सोडतात. या कोनात दुभाजकाच्या अंगावर येणारा आडवा वेग ताशी ४२ किमीच्या आसपास भरतो. सुटा ब्लॉक एवढ्यानेही पलीकडच्या लेनमध्ये जाऊन पडेल. जोडलेल्या रांगेत मात्र शेजारचे ब्लॉक त्याला ओढून धरतात. जुनी भिंत पोट काढते तशी रांग मागे फुगते आणि गाडी तिला घासत आपल्याच दिशेने पुढे जाते.

हे पोट म्हणजे मालातला दोष नव्हे. ते येणारच, त्याला जागा ठेवायची असते. युरोपच्या ईएन १३१७ मानकात या जागेच्या आठ श्रेणी आहेत. डब्ल्यू१ म्हणजे जास्तीत जास्त ०.६ मीटर आणि डब्ल्यू८ म्हणजे ३.५ मीटर, जवळजवळ अख्खी एक लेन. मोजमाप धडकेआधीच्या रस्त्याकडील कडेपासून धरतात. रांगेच्या मागे माणसे काम करणार असतील किंवा चर खणलेला असेल, तर दर विचारण्याआधी ही श्रेणी विचारा. चाचणीचा दाखला दाखवता येत नसेल तर तो माल फक्त वाट दाखवण्यासाठी वापरावा, गाडी अडवण्यासाठी नाही. आमच्याकडेही असा माल आहे, आणि बिलावर आम्ही तसे लिहून देतो.

एका कामावर आमच्याच माणसांनी दोन ब्लॉकमधली एक पिन ‘सकाळी घालू’ म्हणून ठेवून दिली. वरून पाहता काहीच कळत नव्हते, रांग सुतासारखी सरळ. सकाळी एकाने कडीत बोट घातले तेव्हा ते आरपार गेले. नशिबाने रात्री काही झाले नाही. तेव्हापासून आमचा माणूस रांगेच्या कडेने चालत प्रत्येक पिन हाताने हलवून बघतो आणि ब्लॉकवर खडूने फुली मारतो. तुम्हीही तसेच करा, लांबून बघून सही करू नका.

टोकांबद्दल एवढेच : शेवटच्या ब्लॉकला एकाच बाजूने आधार असतो, म्हणून तो जमिनीत जखडावा लागतो. येणाऱ्या वाहनांकडे तोंड असलेले टोक उघडे ठेवू नये, तिथे धक्का शोषणारी गादी लागते.

पाण्याचे प्लास्टिक ब्लॉक

रिकामा ब्लॉक दोघे जण सहज उचलतात, भरला की तो काही शे किलोंचा होतो. सोय मोठी, पण भरलेला आणि रिकामा ब्लॉक दिसायला सारखाच. खालचे बूच जरा सैल राहिले की पाणी रातोरात निघून जाते आणि कोणाला पत्ता लागत नाही. रोज बोटाच्या पेराने टकटक करा, आवाज पोकळ आला की समजा.

झिपर यंत्र

गर्दीच्या दिशेला एक लेन जास्त देण्यासाठी रोज सकाळ-संध्याकाळ रांग हलवायची तर क्रेनने भागत नाही, झिपर यंत्र लागते. तिथे साधारण मीटरभर लांबीचे, माथ्याला इंग्रजी टी अक्षरासारखी कड असलेले ब्लॉक लागतात. यंत्र ती कड चाकांवर धरते. रांग एका अंगाने आत शिरते, यंत्राच्या पोटातून नागमोडी वळत जाते आणि मागून दुसऱ्या लेनच्या रेषेवर उतरते. पिना काढाव्या लागत नाहीत. ऑकलंडच्या हार्बर पुलावर १९९० पासून असेच काम चालते. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर पूर्वी माणसे चालत्या गाडीवरून पिवळ्या नळ्या हाताने रोवत. जानेवारी २०१५ मध्ये पूल शनिवार-रविवार बंद ठेवून तिथे पोलादी आवरणाचे ब्लॉक बसवले : रुंदी जेमतेम ३० सेंमी, वजन प्रत्येकी सुमारे ६८० किलो.

वळणावर मात्र गणित बदलते. रांग आतून बाहेर ३.५ मीटर सरकवली की तिला जास्त लांबी लागते. ३० अंशांच्या वळणावर हा फरक सुमारे १.८ मीटर होतो. तो सांध्यांमधल्या सैलपणात किंवा लांबी बदलणाऱ्या खास ब्लॉकमध्ये सामावावा लागतो. नकाशा न बघता ‘यंत्र चालेल’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, तो आमचा माणूस असला तरी.

आणि दोन्ही दिशांना सारखीच गर्दी असेल तर हे यंत्र घेऊच नका. एकाची लेन काढून दुसऱ्याला देण्यात काय मिळणार? आमच्या मते गर्दीच्या वेळी निदान दोन-तृतीयांश वाहने एका दिशेने जात असतील, आणि लेन काढल्यावरही उलट बाजूला दोन लेन उरत असतील, तरच पुढचे बोलणे करावे.

चौकशी करताना लेनची रुंदी, वळणांचा नकाशा, रस्त्याचा आडवा उतार आणि रांगेच्या मागे काय आहे त्याचा एक फोटो पाठवा. फोटो काढताना रांगेच्या जागेवर उभे राहून मागच्या बाजूचा काढा. समोरचे फोटो सगळेच पाठवतात.