डोके व मानेचा कर्करोग : जीवशास्त्र आणि लक्ष्यवेधी उपचार

तोंड, घसा व स्वरयंत्र यांच्या अस्तरात उद्भवणाऱ्या कर्करोगांना एकत्रितपणे डोके व मानेचा कर्करोग म्हणतात. यांतील ९० टक्क्यांहून अधिक गाठी अस्तराच्या चपट्या पेशींपासून होतात. तंबाखू, मद्य आणि सुपारी ही प्रमुख कारणे होत. तंबाखूविना खाल्लेली सुपारीही कर्करोगकारक आहे, हा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केला. फोंडा-सत्तरीच्या कुळागरांत पोफळी जपणाऱ्या आणि विड्याशिवाय मंगलकार्य पुरे न मानणाऱ्या गोव्याला हे पचवणे जड जाते, पण ते सांगितलेच पाहिजे. सुपारीतील आरेकोलीनमुळे गालाच्या अस्तराखाली कोलाजेनचे तंतू साचतात. अस्तर फिकट व ताठ होते, हुमणाचा, म्हणजे माशाच्या कालवणाचा, साधा घासही झोंबतो आणि जिथे तीन बोटे उभी मावत तिथे दोनच कशीबशी शिरतात. अशा तोंडात पुढे कर्करोग होण्याचा धोका मोठा असतो.

पेशीच्या आत पाहिले, तर या रोगात वाढीला चेतवणाऱ्या जनुकांपेक्षा तिला आवरणारी जनुकेच अधिक निकामी झालेली आढळतात. टीपी५३ आणि सीडीकेएन२ए ही त्यांतली मुख्य. टॉन्सिल व जिभेच्या मुळाशी होणाऱ्या काही गाठींत हेच काम एचपीव्ही-१६ हा विषाणू करतो : त्याचे ई६ प्रथिन टीपी५३ जनुकापासून बनणारे पी५३ प्रथिन नष्ट करते, तर ई७ हे वाढीला आवरणाऱ्या आरबी प्रथिनाला निष्प्रभ करते. या गाठी उपचारांना तुलनेने चांगला प्रतिसाद देतात.

औषधशास्त्राची खरी अडचण इथेच आहे. अतिक्रियाशील प्रथिनाला औषधाने रोखता येते. जे प्रथिन नाहीसेच झाले, ते परत आणणे फार कठीण. म्हणून पहिले लक्ष्य ठरला पेशीच्या पृष्ठभागावरील ईजीएफआर हा वृद्धिग्राहक, म्हणजे वाढीचा संदेश स्वीकारणारे प्रथिन. त्याला अडवणाऱ्या सेटुक्सिमॅब या औषधाला अमेरिकेत या कर्करोगासाठी २००६ मध्ये मान्यता मिळाली. पुढे २०१६ मध्ये याच रोगासाठी पेम्ब्रोलिझुमॅब व निवोलुमॅब ही औषधे आली. ती गाठीवर थेट घाव घालत नाहीत, तर टी-पेशींवरील पीडी-१ हा लगाम सोडवून प्रतिकारशक्तीला मोकळीक देतात. एकाच वेळी दोन लक्ष्यांना चिकटणाऱ्या प्रतिपिंडांच्या चाचण्याही चालू आहेत.

या औषधांची किंमत बहुतेक रुग्णांच्या आवाक्याबाहेर असते. त्यामुळे ज्या परळची वाट गोव्यातील कितीतरी घरांना ठाऊक आहे, तिथल्या टाटा स्मारक रुग्णालयाची चाचणी विशेष मोलाची वाटते. तीत मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब व एर्लोटिनिब या तोंडावाटे घ्यायच्या औषधांना दर तीन आठवड्यांनी अवघ्या २० मिलिग्रॅम निवोलुमॅबची, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी औषधाची, जोड दिली गेली. आजार बळावलेल्या रुग्णांपैकी वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण त्यामुळे १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले.