झोपेची विहीर आणि रात्रीची मोटर

आमच्याकडे यवतमाळच्या बाजूला दिवाळी सरली की हरभऱ्याचं ओलीत सुरू होतं आणि विहिरीवरच्या मोटरीला लागणारी थ्री-फेज लाइन बऱ्याचदा रात्रीच येते, म्हणून जागरण. गेल्या हिवाळ्यात शेजारचे काका पहाटे पाचला पारावर एकटेच बसलेले दिसले. डोळे लाल. "ओलीत सरलं, पन झोपच नाही येऊन राह्यली बावा. महिना झाला. मेडिकलवाल्यानं गोळी देल्ली, ते बी आता लागत नाही." काकूंचं निदान तयार होतं : टेन्शन घेतात. टेन्शन गेलं की झोप येईल.

खूप वर्षं डॉक्टरही असंच मानत. नैराश्य हा आजार, निद्रानाश त्याचं शेपूट. पण हा रस्ता दुहेरी आहे. नैराश्य नसलेल्या पण झोप उडालेल्या माणसाला पुढे नैराश्य येण्याचा धोका साधारण दुप्पट असतो. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी 2013 मध्ये आपल्या निदान-पुस्तिकेत निद्रानाशाला स्वतंत्र आजाराची जागा दिली. 2017 मध्ये ब्रिटनमधल्या 3,755 विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात काहींच्या फक्त झोपेवर उपचार केले, तर त्यांच्या मनातला संशय आणि भासही कमी झाले.

आता झोपेच्या विहिरीकडे वळू, कारण मला खरी गोडी तिथेच आहे. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकचे झोपेचे अभ्यासक अलेक्झांडर बोरबेली यांनी 1982 मध्ये मांडलं की झोप दोन गोष्टींवर चालते. एक मेंदूतलं घड्याळ, उजेडावर लागणारं. दुसरा झोपेचा दाब. हा दाब म्हणजे विहिरीत झऱ्यांनी साचत जाणारं पाणी आणि झोप म्हणजे ते उपसणारी मोटर. जागेपणी मेंदूच्या पेशी एटीपी नावाचं इंधन खर्च करतात आणि त्यातून सुटलेलं अ‍ॅडेनोसिन पेशींबाहेर थेंबाथेंबानं साचतं. ते पेशींवरच्या ए-वन नावाच्या ग्राहकांना (रिसेप्टर, म्हणजे रसायन पकडणाऱ्या जागा) चिकटलं की जागं ठेवणाऱ्या पेशी मंदावतात. ए-टू-ए ग्राहकांमार्फत झोप आणणाऱ्या पेशींना जोर चढतो. रात्री झोपेत हा साठा उपसला जातो. चहातलं कॅफिन याच ग्राहकांवर जाऊन बसतं, पण काही करत नाही. कुलपात भलतीच किल्ली अडकावी तसं. विहीर भरलेली असते, मोटर मात्र सुरू होत नाही. कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी पाचच्या चहातलं अर्धं रात्री दहालाही अंगात असतं.

काकांचा हिशेब मांडला. रात्री आठला अंथरुणात, पहाटे पाचला बाहेर : नऊ तास. त्यात झोप जेमतेम पाच तास, म्हणजे 56 टक्के. वर दुपारी दोन तास ताणून देणं. दुपारीच उपसा केल्यावर रात्री मोटर हवा ओढणार, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी 1987 मध्ये मांडलेला उपाय यावरच उभा आहे. जेवढी झोप होते जवळपास तेवढाच वेळ अंथरुणात. काकांसाठी साडेअकरा ते पाच. अंथरुणातला 85 ते 90 टक्के वेळ झोपेत जाऊ लागला की पंधरा-पंधरा मिनिटं वाढवायची. याच्या जोडीला आणखी एक नियम : झोप येत नसेल तर उठून ओसरीत बसायचं, म्हणजे मेंदू खाटेला जागरणाशी जोडणं सोडतो. एकाच खोलीत सहाजण झोपतात तिथे हे सोपं नाही, मान्य. शिवाय हे मनानं करू नये : मिरगी किंवा उन्माद-नैराश्याचा आजार असेल तर झोप कापणं धोक्याचं. गोळीही एकदम तोडू नये. दारूनं डोळा लागतो, पण उत्तररात्रीची झोप मोडते.

मध्यंतरी कुणीतरी काकांच्या दंडाला गंडा बांधला होता, कारण त्यांना छातीवर कुणी बसल्यासारखं वाटे. स्वप्नांच्या झोपेत मेंदू स्नायू सैल सोडतो. त्याच वेळी जाग आली तर हात हलत नाही आणि माणूस घाबरतो. झोप तुटक असली की हे जास्त होतं. गंड्याचे पैसे घेणाऱ्यानं हे सांगितलं नव्हतं.

जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागात त्यांना नेलं, तेव्हा तिथल्या समुपदेशकानं आधी झोपेची वही दिली. एवढं लांब जाणं होत नसेल तर 14416 वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनशी मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. मरणाचे विचार येत असतील तर वहीची वाट न पाहता लगेच फोन करावा.

पहिला आठवडा काकांना जड गेला. दिवसा डोळे मिटत, म्हणून गाडी चालवायला मनाई. मुख्य तक्रार वेगळीच होती : "साडेअकरापावतर करू काय?" आता ते रोज रात्री भजनात खंजिरी धरून बसतात. वहीत परवा पावणेसहा तास लिहिलेत.