गुळवेल अन् गुळवेलीसारखी दिसणारी: काढा उकळायच्या आधी खोड पाहा

मागच्या आठवड्यात सकाळी शेजारच्या काकूकडे गेलो तं चुलीवर मोठ्या गंजात काढा उकळून राहिला होता, थंडी पडली म्हणून अख्ख्या घरासाठी. बाजूला उरलेल्या काड्या पडल्या होत्या. एक हातात घेतली तं खोडावर नुसते फोडच फोड, बोटाला खरखर लागणारे. म्हटलं काकू, ही कुठून आणली? तं म्हणे, "अरे बाप्पा, पोरानं मागच्या साली शहरातून कुंडीतली आणली अन् कुंपणाले लावली, गुळवेलच होय ते, पान पाह्य ना." पान खरंच तसंच होतं. चव पण कडूजहर. पण पान अन् चव, या दोनच गोष्टींवर गुळवेल ओळखायची म्हटलं तं माणूस हमखास फसते.

काहून की या दोन वेली एकाच घराण्यातल्या सख्ख्या बहिणी आहेत. आपली औषधाची गुळवेल, जिला गुडूची, अमृता, हिंदीत गिलोय म्हणतात, तिचं शास्त्रातलं नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. दुसरी टिनोस्पोरा क्रिस्पा. थायलंड, मलेशिया, इंडोनेशियाकडे तिचा औषधात वापर आहे, पण ती पिऊन लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेसही नोंदल्या गेल्यात. आमच्या गावात तिला वेगळं नावच नाही, म्हणून तीही गुळवेलच होऊन बसली. दोघींचं पान पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचं, दोघी कडू, दोघी झाडावर चढणाऱ्या, दोघींचा तुकडा मातीत खोचला की पावसाळ्यात फुटते. कोणीतरी कोणाला तुकडा देते, तो तिसऱ्याला देते, अन् पहिली काडी कोणत्या वेलीची होती हे कोणालेच माहीत नसते.

फेब्रुवारी 2022 मध्ये केंद्राच्या आयुष मंत्रालयानं यावर खुलासा काढला होता, त्यात दोघींमधला फरक सरळ सांगितला आहे. सगळ्यात सोपी खूण खोडाची. खऱ्या गुळवेलीचं खोड हिरवट असते, त्यावर गाठी-फोड नसतात. बारके ठिपके दिसतात, ते चालते, अन् जुन्या खोडावर कागदासारखी पातळ तपकिरी साल असते, ती नखानं खरवडली की आतून हिरवं निघते. क्रिस्पाचं खोड राखाडी अन् त्यावर उठून दिसणारे फोड, डोळे झाकून हात फिरवला तरी कळावं असे. दुसरी खूण, खोड कापलं की क्रिस्पातून दुधासारखा चीक येते, गुळवेलीतून येत नाही. म्हणजे वावरात उभ्या उभ्या विळ्यानं एक तुकडा कापून पाहिला तरी निम्मं काम होते (हात धुवा मंग, तोच हात तोंडाला लावू नका).

फूल अन् फळ सापडलं तं आणखी पक्कं. गुळवेलीच्या फुलाला सहा पाकळ्या, क्रिस्पाला तीन. गुळवेलीचं फळ गोल, वाटाण्याएवढं, पिकलं की लालभडक. क्रिस्पाचं लांबट अन् नारिंगी. गुळवेलीला फळं येतात हिवाळ्यातच, म्हणजे आता धुऱ्यावरच्या झाडांकडे मान वर करून पाहिलं तं लाल घोस दिसू शकतात. फक्त यात एक गोम आहे. या वेलीत नर अन् मादी वेगळ्या असतात, नर वेलीला फळ कधीच लागत नाही. म्हणून फळ नाही दिसलं म्हणजे ती गुळवेल नाही, असं नका धरू, खोडच पाहा.

अन् ज्या खुणांवर लोक भरवसा ठेवतात त्या दोन इथं कामाच्या नाहीत. एक म्हणजे "निंबावरची आहे." निंबावर चढलेली गुळवेल औषधाला भारी, हे जुन्या लोकांचं म्हणणं राहू द्या आपल्या जागी, पण निंबावर कोणतीही वेल चढते, निंब काही आधार कार्ड तपासत नाही. दुसरी म्हणजे खोड आडवं कापल्यावर दिसणारं चक्र. गुळवेलीत ते सुंदर दिसते, गाडीच्या चाकासारखं, म्हणून संस्कृतात तिला चक्रलक्षणा पण म्हणतात, पण या घराण्यातल्या दुसऱ्या वेलीही कापल्या तं तसंच चाक दिसते.

आता इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल चला, खोड तपासलं, हिरवं निघालं, आता रोज गिलासभर प्यायला मोकळे. तसं नाही राजेहो.

कोरोनाच्या काळात, 2020 च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये, मुंबईच्या डॉक्टरांना गुळवेल घेणारे 6 पेशंट सापडले ज्यांच्या लिव्हरला सूज आली होती, ते 2021 मध्ये छापून आलं. आयुष मंत्रालयानं तेव्हा म्हटलं की त्यांनी घेतलेली वेल खरी गुळवेलच होती का हे नीट तपासलं नाही, दुसरी वेल असू शकते. मंग देशातल्या 13 हॉस्पिटलांनी मिळून 43 असे पेशंट गोळा केले. मंत्रालयाचं म्हणणं आजही हेच की खरी गुळवेल सुरक्षित आहे. लिव्हरवाले डॉक्टर ते मान्य करत नाहीत. मला विचाराल तं हे भांडण कोणीही जिंको, बऱ्याच लोकांनी ती आठवड्यामागून आठवडे, कोणाला न विचारता, प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून घेतली होती, अन् आपल्या गावातही नेमकं तेच चालू आहे. ज्यांची प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते, असे थायरॉईडचे काही प्रकार, आमवात, यांना यात जास्त धोका. प्रतिकारशक्ती म्हणजे वाढवतच न्यायची गोष्ट नाही. मोटरला व्होल्टेज जास्त दिलं म्हणून विहिरीतून पाणी जास्त येत नाही, मोटर जळते. शुगरची गोळी चालू असणाऱ्यांनीही आधी डॉक्टरला सांगावं, गुळवेलीनं साखर आणखी खाली जाऊ शकते.

मंग थंडीत करायचं काय, हे कोणीतरी विचारतेच. सर्दी-खोकला थंडीनं नाही, व्हायरसनं होते, अन् थंडीत आपण दारं-खिडक्या लावून एका खोलीत चुलीच्या धुरात बसतो म्हणून तो घरभर फिरते. खिडकी थोडी उघडी ठेवा. घरात म्हातारं माणूस असेल, दमा-शुगर असेल तं दरवर्षी फ्लूची लस घ्यायला पाहिजे का ते विचारा. संत्री आपल्याच पट्ट्यात पिकून राहिली तं व्हिटॅमिन सीच्या गोळ्या कशाला. अन् झोप. थ्री फेज लाईट रात्रीची आली की हरभऱ्याला पाणी द्यायला आपण दोन वाजता वावरात, सकाळी पुन्हा कापूस वेचणीला हजर, अन् त्यावर उपाय म्हणून काढा. यावर माझ्याकडेही उत्तर नाही, लाईट माझ्या हातात नाही, पण दिवसा दोन तास तरी झोपा.

गुळवेल घेत असाल अन् जेवण नको वाटायला लागलं, अंगाला खाज सुटली, लघवी गडद पिवळी व्हायला लागली, डोळे पिवळे दिसले, तं काढा त्याच दिवशी बंद करा अन् काविळीचं झाडपालं बांधून घ्यायला न जाता सरळ सरकारी दवाखान्यात जा. काय पीत होतो हे लपवू नका, डॉक्टर रागावतील म्हणून बरेच जण सांगतच नाहीत. उरलेली काडी फेकू नका, पिशवीत घालून सोबत न्या, पानासकट, काहून की कोणती वेल होती हे नुसत्या नावावरून कोणालेच कळणार नाही. काकूनं तेवढं ऐकलं, गंज उकिरड्यावर ओतला. कुंपणावरची वेल मात्र अजून आहे, पोरानं आणली म्हणून तोडवत नाही म्हणे.